तापातलं बंदर

आयसीयूतून माणूस घरी आलं की भेटायला येणारे सगळे एकच विचारतात, "आता बरं वाटतंय का?" तिथे काय पाहिलंस, हे कोणी विचारत नाही. मलाही कोणी विचारलं नाही आणि मी आपणहून सांगितलं नाही, कारण सांगितलं तर संसार मोडेल अशी माझी खात्री होती. आता माझी फुप्फुसं बरी आहेत. जिना चढते, क्लासमध्ये उभी राहून शिकवते, खोकल्याशिवाय हसते. म्हणून लिहायला बसले आहे. ज्यांच्या घरात कोणी व्हेंटिलेटरवरून परत आलंय आणि ते माणूस आपल्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघतंय, त्यांच्यासाठी हे आहे. घाबरू नका असं मी म्हणणार नाही. मी स्वतः अजून घाबरते.

मी वैशाली. सोलापूरजवळ कुंभारीत राहते, शहरात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. माहेर सांगोल्याकडचं, मेंढपाळाचं. नवरा दत्ता होटगीकडे रेल्वेत कीमन आहे. म्हणजे रोज सकाळी आपल्या वाट्याचा रूळ पायी तपासत जायचं आणि रुळाला धरून ठेवणारी एखादी चावी सैल दिसली की हातोड्यानं घट्ट करायची. तोंडावर मी त्याला अहो-जाहोच करते. इथे एकेरी लिहितेय. सासूबाईंना वाचता येत नाही, त्यामुळे चालून जाईल.

निळं पाणी

आजाराच्या आधी गेमचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

माझा भाऊ पुण्याला नोकरीला आहे. त्यानं नवीन गेमची मशीन घेतली आणि जुनी मला दिली. सोबत एकच गेम होता, हजारो वर्षांपूर्वीच्या ग्रीस देशातला. त्यात आपण एक बाई असतो. गावानं हाकलून दिलेली कुंभाराची लेक, हातात भाला. तिची एक गोष्ट आहे, पण ती पुढे नेलीच पाहिजे अशी सक्ती नाही. दिसेल त्या डोंगरावर चढा, दिसेल त्या बेटावर होडी लावा, देवळाच्या संगमरवरी पायरीवर नुसतं बसून राहा, कोणी हटकत नाही. नकाशा सुरुवातीला सगळा काळा असतो. आपण जाऊ तसा तो उजळत जातो.

आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. अशा घरात समोर एवढं निळं पाणी, आणि फुकट! मी वेडीच झाले. सगळं आवरलं की टीव्हीसमोर बसायचे. दत्ता म्हणायचा, "निगाली बया ग्रीसला. येताना दूध आण." एकदा आण्णा, माझे वडील, आले होते. टीव्हीतल्या डोंगरावर मेंढरं चरताना बघून ते पुढे सरकले. "ह्यांचा धनी कुटं हाय गं? लांडगं फाडतील की सगळी." गेममध्ये त्या मेंढरांना मारून कातडं मिळतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. मी कधी मारलंही नाही. ते रक्तातच नाही आमच्या.

सांगायचं एवढंच की वर्षभर मी रोज त्या देशात जात होते. रस्ते तोंडपाठ होते. म्हणून ताप मला घेऊन गेला तेव्हा मला वाटलं, मी तिथेच आले.

मंगळसूत्र रुमालात

ताप आला तेव्हा सगळ्यांना डेंग्यू वाटला. कुंभारीत घरोघरी तेच चाललं होतं. मग एका दुपारी दोन पायऱ्या चढून मला दम लागला. ओठ निळे पडले म्हणून दत्तानं शेजाऱ्याची रिक्षा बोलावली. दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी माझा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. जिथे काळं दिसायला हवं तिथे सगळं पांढरं होतं. डेंग्यू नव्हता, न्यूमोनिया होता. मॅडम दत्ताकडे बघून बोलत होत्या. माझ्याकडे बघत नव्हत्या, त्यावरून मला समजलं.

"मशीनवर घ्यावं लागेल. झोपवून नळी घालतो, म्हणजे फुप्फुसांना आराम मिळेल," त्या म्हणाल्या.

"परत उटंल का ती?" दत्तानं सरळ विचारलं.

"प्रयत्न करतो."

अंगावरचं सगळं काढायला सांगितलं. बांगड्या निघाल्या, जोडवी साबण लावून निघाली. मंगळसूत्राचा फासा दत्ताला निघेना. शेवटी निघालं. ते त्यानं रुमालात बांधलं आणि रुमाल छातीशी धरून उभा राहिला. त्यानंतरचं जे मला आठवतं ते कुठल्याच दवाखान्यातलं नाही.

बंदर

हे मी दिसलं तसंच सांगते. 'मला असं वाटलं', 'भास झाला' असे शब्द मध्ये घालत नाही, कारण तेव्हा ते नव्हते.

पांढऱ्या दगडाच्या पायऱ्या समुद्रात उतरत होत्या. पाणी हलत होतं, पण त्याला आवाज नव्हता. फुटलेल्या भिंतीतून एक अंजिराचं झाड वाढलं होतं. एक घंटा सारखी वाजत होती, एका लयीत, आणि ती थांबली तर काहीतरी वाईट होईल हे मला माहीत होतं. ऊन होतं तरी हाडं गोठवणारी थंडी होती. पायऱ्यांच्या खाली शिडाशिवायची एक बोट उभी होती आणि तिच्यात माणसं पाठमोरी बसलेली होती, एक जागा मोकळी ठेवून.

मला पायऱ्यांवर उताणं ठेवलं होतं. हात दोन्ही बाजूंना बांधलेले, आणि तोंडात लगाम. तोंड बांधलेल्या पांढऱ्या कपड्यातल्या बाया माझ्याभोवती फिरायच्या, मला उलटंपालटं करायच्या, अंग पुसायच्या. आपसात त्या बेटाच्या भाषेत बोलायच्या. बाजारात जनावराचं अंग चाचपतात तसं त्या माझा दंड दाबून बघायच्या. मी ओरडायचे, पण लगामामुळे आवाज फुटायचा नाही.

मग दत्ता आला. हिरवा झगा, तोंडाला फडकं, पण डोळे त्याचेच. माझा जीव भांड्यात पडला. तो त्यातल्या एकीशी हळू आवाजात काहीतरी बोलला. तिनं मान हलवली. दत्ता माझ्याजवळ वाकला. त्यानं माझ्या उजव्या हाताची दोरी सोडली, नीट गुंडाळली आणि खिशात घातली. थोडा वेळ तो तसाच उभा राहिला. मग वळला आणि चालू लागला. मागे वळून बघितलं नाही. तो गेल्यावर त्या बाईनं नवी कोरी दोरी आणली आणि माझा हात पुन्हा बांधला.

याचा अर्थ मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्याकडे जनावर विकतात, पण दावं विकत नाहीत. शेळी असो नाहीतर खिलार खोंड, सौदा झाला की धनी आपलं दावं सोडून घेतो आणि घेणारा स्वतःचं नवं दावं बांधतो. दावं दिलं तर गोठ्याची बरकत जाते. सांगोल्याच्या बाजारात आण्णांचं बोट धरून मी हे कितीदा पाहिलं होतं. दावं खिशात घातलं की धनी मागे बघत नाही, कारण मागून ते जनावर ओरडत असतं.

दत्तानं मला विकलं होतं.

दोन वेण्या

शुद्धीवर येणं म्हणजे डोळे उघडले आणि 'मी कुठे आहे' असं सिनेमातल्यासारखं नसतं. बंदर हळूहळू विरत गेलं आणि त्यातून पलंग, पडदे, सलाईनचा दांडा वर येत गेला. घंटा म्हणजे माझ्या उशाशी असलेलं हृदयाचे ठोके दाखवणारं यंत्र होतं. थंडी एसीची होती. बेटावरची भाषा तेलुगू निघाली. तिथल्या दोन सिस्टर सोलापूरच्याच, विणकरांच्या घरातल्या, आणि त्या आपसात घरचीच भाषा बोलत. लगाम म्हणजे ती नळी. हात बांधले होते ते मी नळी उपसू नये म्हणून. मी आधी एकदा उपसायला गेले होते म्हणे, आणि एका सिस्टरच्या मनगटाला चावलेही होते. ते वळ त्यांनी मला स्वतःच हसत दाखवले.

"काय दात आहेत ताई तुमचे! टेटनसचं इंजेक्शन घेऊ का मी?"

याच सिस्टरनी नळी निघाल्यावर माझे गुंतलेले केस सोडवले. जवळजवळ दुपारभर त्या एकेक बट हातात घेऊन बसल्या होत्या. कापून टाका म्हटलं तर म्हणाल्या, "कापायला कात्री एक मिनिट लावते, वाढायला किती लागतं ठाऊक आहे ना?" दोन वेण्या घातल्या शाळकरी मुलीसारख्या. त्या दवाखान्यातलं मला मनापासून आवडलेलं एवढं एकच. मापानं दिलेलं चमचाभर पाणी हे दुसरं. घसा ओला झाला तेव्हा मला रडू आलं.

असं सगळ्याचं उत्तर मिळत गेलं, पण दत्ताचं मिळेना. भेटायच्या वेळेला तो आला, माझ्याकडे बघून लहान पोरासारखा हसला आणि मी तोंड फिरवलं.

"ओळखलं नाही वाटतं. ताई, मिस्टर आलेत तुमचे," सिस्टर म्हणाल्या.

ओळखलं होतं. म्हणून तर फिरवलं.

भंडारा

घरी आल्यावर सासूबाईंनी माझी लेकीसारखी सेवा केली. घसा सोललेला, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा नुसता वास घ्यायचा. त्या दुधात भाकरी कुस्करून भरवायच्या, पाय चेपायच्या. त्यांच्या हातचं मी सगळं खाल्लं. दत्तानं तांब्या पुढे केला की मात्र मला तहान नसायची. तो खोलीत जागा असला की मला झोप लागायची नाही. डोळे मिटले तर हा पुन्हा कोणाशी तरी हळू आवाजात बोलेल असं वाटायचं. दिवसा तो ड्यूटीवर गेला की मी मेल्यासारखी झोपायचे.

मी वेडी नव्हते. तारीख सांगू शकत होते, मुख्यमंत्र्याचं नाव सांगू शकत होते, हा माणूस दिवसभर दवाखान्याच्या बाकड्यावर बसून होता हे मला लोकांनी सांगितलेलं होतं. तरी त्याच्या हाताकडे बघितलं की मला ती दोरी गुंडाळणारी बोटं दिसायची. खरी म्हणून जी आठवण असते, लग्नाची, पहिल्या दिवाळीची, ती धूसर झाली होती. बंदराची आठवण काल घडल्यासारखी स्वच्छ होती. आजही आहे.

दत्ता आपली चादर घेऊन बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. सासूबाईंच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं.

"पोरीला बाहीरचं कायतरी लागलंय," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात माणसं मरत्यात. त्यातलं कोणतरी आलंय हिच्यासंगं. देवरुष्याकडं नेऊ या."

"आई, तिला ताप आलता. भूत न्हाय आलं."

"मंग तुझ्याकडं बगून अशी का थिजती? सांग की!"

सासूबाईंनी माझ्या कपाळाला देवाचा भंडारा लावला, माझ्यावरून भाकरीचा तुकडा उतरून दाराबाहेर टाकला. मला बरं वाटलं, खरं सांगते. कोणीतरी निदान एवढं कबूल करत होतं की माझ्यासोबत काहीतरी आलेलं आहे. पण त्या दोघांची भांडणं रोजची झाली आणि एक दिवस आण्णा येऊन मला माहेरी घेऊन गेले.

व्हय

आण्णा फार बोलत नाहीत. मेंढरांमागे आयुष्य गेलेल्या माणसाला गप्प बसायची सवय असते. दुपारी लिंबाखाली माझी बाज टाकून ते शेजारी लोकर पिंजत बसायचे. एक दिवस मी त्यांना म्हटलं, "आण्णा, ह्यांनी मला विकलं." आणि सगळं सांगून टाकलं. पायऱ्या, बोट, दोरी, खिसा.

त्यांना हसू आलं नाही. त्यांनी 'येडी हायस का' असंही म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, "दावं सोडताना त्यो तुज्या तोंडाकडं बगत व्हता का?"

"हो."

"विकणारा बगत न्हाय." मग लोकरीचा पुढचा पुंजका घेतला. "पर मी तितं नव्हतो. त्यालाच इचार की. मनात ठिऊन सडवू नको."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दत्ता आला. चहा झाला. आण्णांसमोरच मी विचारलं, कारण एकटीनं विचारायची हिंमत नव्हती. "अहो, दवाखान्यात तुम्ही माझ्या हाताची दोरी सोडली होती का?"

तो 'नाही' म्हणेल, मग ते सगळंच्या सगळं खोटं ठरेल आणि मी सुटेन, अशी मी आस लावून बसले होते.

"व्हय," दत्ता म्हणाला. "सोडली की. तुला कसं ठाव? तू तर शुद्धीत नव्हतीस."

मी आण्णांकडे बघितलं.

"पट्टी व्हती गं कापडाची. हातावर वळ उटलं व्हतं तुज्या. मी सिस्टरला इचारलं, सोडू का जरा? त्या म्हणल्या, पाच मिनिटं धरून बसा हात, मंग बांधावा लागंल. मंग सोडली."

"आणि खिशात घातली."

"घातली आसंल. रुळाजवळ सुटी वस्तू टाकून यायची न्हाय, ती सवयच हाय. सिस्टरनी दुसरी बांधली नंतर."

"मागे वळून का नाही बघितलं?"

दत्तानं आण्णांकडे पाहिलं, मग खाली जमिनीकडे. "रडायला लागलो व्हतो. मागं बगितलं आसतं तर तितनं निगालोच नसतो."

आण्णा उठून मेंढरांकडे निघून गेले. मला वाटलं होतं, खरं कळलं की बंदर पुसलं जाईल. झालं उलटंच. वाकणं खरं, सोडणं खरं, खिसा खरा, नवी दोरी खरी. आता फक्त विकणं तेवढं खोटं होतं, आणि बाकी सगळं खरं असताना तेवढंच कसं खोटं मानायचं ते मला कळेना.

टॉवेल काढला

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर मॅडमना मी हे सांगितलं. त्यांना मुळीच नवल वाटलं नाही. आयसीयूत अनेकांना असं दिसतं, त्या म्हणाल्या. ताप, औषधं, झोप नाही, दिवस-रात्र कळत नाही, मग डोकं हाताला येतील ते तुकडे जोडून गोष्ट बनवतं. कोणाला तुरुंग दिसतो, कोणाला आग. घरच्याच माणसानं दगा दिला असं तर पुष्कळांना वाटतं, आणि लाजेनं कोणी बोलत नाही. "तुम्ही बोललात हे फार बरं केलंत. त्या आधी काही असं बघण्यात आलं होतं का, समुद्र वगैरे?"

मी गेमचं सांगितलं. बंदर बहुतेक त्यातलंच, म्हटलं. दत्ता बाजूला बसून ऐकत होता.

मी कुंभारीला परत आले. मॅडमचं म्हणणं मला समजलं होतं. दुसऱ्याला समजावून सांगता येईल इतकं नीट समजलं होतं. तरी त्या दिवशीही मी पाणी स्वतःच्या हातानं घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्यूटीवरून आल्यावर दत्तानं मशीनवरचा टॉवेल काढला. आजारी पडल्यापासून ती झाकूनच ठेवली होती. "मला त्ये बंदर दाव," तो म्हणाला.

"मी हात लावणार नाही त्याला."

"नको लावू. मी बगतो. फॉल्ट हाय म्हणून कळलं की जाग्यावर जावं लागतंय. हापिसात बसून काय कळत न्हाय त्यातलं."

आणि तो बसला. जन्मात कधी गेम न खेळलेला माणूस. स्वयंपाकघरातून मला ऐकू यायचं, ती बाई धपकन कुठूनतरी पडायची आणि दत्ता म्हणायचा, "आयला!" दहा पावलं चालून समुद्रात जायची, बुडायची. पुन्हा सुरुवात. सासूबाई कपाळाला हात लावायच्या. "दिवसभर रूळ चालून ह्याचं पोट भरंना. घरी बी चालतोय!"

खरोखर चालतच होता. घोडा आहे हे त्याला माहीत नव्हतं. ग्रीस देशातले ते डोंगर, ती माळरानं, सगळं तो पायी तुडवत होता, सरळ, न पळता, पायाखाली बघत. त्या बाईची चाल तीच होती, पण तिला बघितलं की मला माझा नवरा दिसायचा. एक दिवस मला राहवलं नाही. उंबऱ्यातूनच म्हटलं, "घोडा आहे. वरच्या बटणानं शीळ घातली की येतो."

दत्तानं मागे बघितलं नाही. शीळ घातली, घोडा आला. "हात्तिच्या," तो म्हणाला. "आदी सांगायचं की गं."

त्यानंतर मी उंबऱ्यात बसायला लागले. तो बंदर दाखवायचा, मी मान हलवायचे. "ह्ये?" "नाही. पायऱ्या डावीकडे होत्या." "ह्ये?" "नाही." एका बंदरावर भिंतीतून अंजिराचं झाड उगवलेलं दिसलं आणि मी "थांबा" म्हटलं. दत्तानं लगेच हात थांबवला. पण पायऱ्या पाण्यात उतरत नव्हत्या, वर देवळाकडे जात होत्या. तेही नव्हतं. प्रत्येक 'नाही'बरोबर त्याचा चेहरा मोकळा होत होता आणि मी उंबऱ्याची कड आणखी घट्ट धरत होते. रोज दुपारी, ड्यूटीनंतर, बेटामागून बेट. नकाशावरचा काळा भाग कमी कमी होत गेला. शेवटी उत्तरेकडचा एक तुकडा राहिला. तोही उजळला. तिथे नुसते खडक होते आणि सीगल पक्षी.

बंदर गेममध्ये नव्हतं.

मी उंबऱ्यावर बसल्या जागी घामानं भिजले. गेममधलं असतं तर बरं होतं. कोणीतरी बनवलेलं, डिस्कमध्ये असलेलं, मशीन बंद केली की बंद होणारं. ते कुठेच नव्हतं. मग मी गेले होते ती जागा कोणती?

दत्ताला मात्र हसू फुटलं. कितीतरी आठवड्यांनी तो असा हसला. "मंग झालं की! बंदरच न्हाय, तर मी तितं आलो कसा? तुला इकायला मी तितं नव्हतोच की गं!"

"नव्हता," मी म्हटलं. "पण मी होते."

तो हसायचा थांबला. गेमचा रिमोट त्यानं हळूच खाली ठेवला. टीव्हीत ती बाई खडकावर उभी राहिली, वाऱ्यावर तिचे केस उडत होते.

"तू व्हतीस," तो म्हणाला.

"हो."

"म्हंजे एकटीच व्हतीस तितं."

दत्ता उठून उंबऱ्यापाशी आला आणि माझ्यासमोर जमिनीवर बसला. इतके दिवस तो आपण निर्दोष आहोत हे शोधत होता. ते सापडलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं की मग माझ्याजवळ कोणीच नव्हतं. "मी बाकड्यावर बसलो व्हतो बाहीर," तो म्हणाला. "भिंतीच्या ह्या अंगाला. मला वाटलं, तू झोपलीयास." आणि तो आवाज करून रडला. स्वयंपाकघरात सासूबाईंचं भांडं वाजायचं थांबलं. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. दवाखान्यातून आल्यापासून मी त्याला आपणहून लावलेला तो पहिला हात होता.

आता

बंदर गेलं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. क्लासमध्ये लाइट गेली की यूपीएस एकेक करून वाजायला लागतात, एका लयीत, आणि खुर्चीखाली मला त्या पांढऱ्या पायऱ्या दिसतात. पोरं "मॅडम, सेव्ह केलं नव्हतं हो!" म्हणून ओरडत असतात आणि मी कठडा धरून व्हरांड्यात जाते.

एक बदल झालाय. मी आता सांगते. दत्तानं 'भास' हा शब्द त्यानंतर वापरलेला नाही. तुमच्या घरी कोणी असं परत आलं असेल तर तुम्हीही तो शब्द वापरू नका. तिथे काय होतं ते विचारा, आणि ऐकायला वेळ ठेवा.

परवा लाइट गेली तेव्हा मी त्याला फोन लावला. रुळावर असताना तो फोन घेत नाही. कडेला उतरून, धाप लागलेल्या आवाजात त्यानं उलटा फोन केला.

"आलं का?"

"हो."

"कोण हाय तितं?"

"कोणी नाही. मीच."

"बाया?"

"नाहीत."

"बोट?"

मी डोळे मिटले होते. व्हरांड्यात ऊन होतं आणि मला थंडी वाजत होती. "आहे," मी म्हटलं. "पायऱ्यांपाशी आहे."

पलीकडून एक मालगाडी धडधडत गेली. ती जाईपर्यंत तो थांबला. त्याची ड्यूटी संपायला अजून वेळ होता, होटगीहून शहरात यायला आणखी वेळ, आणि ते बंदर तर कुठल्याच रस्त्यावर नाही, हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं.

"चढू नको," दत्ता म्हणाला. "थांब तितंच. येतोय मी."